नऊ देश धावत बघण्यापेक्षा एक आघाडी धरून फिरा

प्रश्न : आम्ही नाशिकला कॉलेज रोडला राहतो. मिस्टर आता बँकेतून रिटायर होतायत, त्यांना लढायांच्या इतिहासाचं जबरदस्त वेड, रामशेज साल्हेर सगळं पालथं घालून झालंय. आता म्हणतात युरोपात दुसऱ्या महायुद्धाच्या जागा बघायच्या. त्यांच्या लिस्टमध्ये लंडन, नॉर्मंडी, बर्लिन, रोम सगळं आहे आणि दिवस जेमतेम बारा. मला स्वतःला चित्रं, जुनी शहरं बघायला आवडतं, रोज स्मशानं बघायला नाही जमणार. एका टूरवाल्याने चौदा दिवसांत नऊ देश असं पॅकेज दिलंय. ते घ्यावं का?

उत्तर : ताई, ते पॅकेज घेऊ नका. त्यात वाईट काही नाही, पण तुमच्या मिस्टरांना जे बघायचंय ते त्यात नसतंच. बसमधून उतरा, फोटो काढा, परत चढा, यात लढाईची जागा कळत नाही. रामशेजवर गेल्याशिवाय तो लहानसा किल्ला मोगलांना वर्षानुवर्षं कसा पुरून उरला ते डोक्यात शिरत नाही ना, तिथेही अगदी तसंच आहे, एका ठिकाणी निदान अर्धा दिवस पायी फिरावं लागतं. आणि लंडन नॉर्मंडी बर्लिन रोम बारा दिवसांत केलं तर त्यातले चारपाच दिवस एअरपोर्ट आणि स्टेशनात जातात, शिवाय लंडनसाठी ब्रिटनचा व्हिसा वेगळा, शेंगेनवर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसावर, चालत नाही.

माझं म्हणणं असं की एकच देश घ्या आणि तो इटली घ्या. कारण तिथे आपली माणसं लढलीयत. पन्नास हजारांच्या वर भारतीय सैनिक इटलीत होते, त्यातले 5,782 तिथेच गेले, आणि त्या मोहिमेत दिलेल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी (हे ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक) 6 भारतीयांना मिळाले. त्या सहांतले दोन मराठा लाइट इन्फंट्रीचे. नाशिकमध्ये देवळाली कॅम्पमुळे लष्कर रोज डोळ्यासमोर असतं तरी ही दोन नावं विचारली तर फार थोड्यांना सांगता येतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पहिले नाईक यशवंत घाडगे, रायगडातल्या माणगावकडचे. 10 जुलै 1944, टायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या एका फैरीत त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, बाकीचे सगळे ठार किंवा जखमी झाले, हे एकटे पुढे धावले, ग्रेनेड टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि मॅगझीन बदलायला वेळच नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवलं. तेवढ्यात शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागल्या आणि तिथेच गेले. वय 22. दुसरे शिपाई नामदेव जाधव, आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे. 9 एप्रिल 1945ला सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमी साथीदारांना एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या भागातून सुखरूप मागे नेलं, मग परत जाऊन शत्रूच्या मशीनगन बंद केल्या, हाताला गोळी लागल्यावर बंदूक चालवता येईना तर ग्रेनेड फेकले, आणि शेवटी बांधावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्यांना पुढे बोलावलं. ते वाचले, पुढे पुण्यात 1984ला वारले.

आता रस्ता बघा. मुंबईहून रोमला उतरा आणि परतीचं तिकीट मिलानहून काढा, म्हणजे उलटं परत यायला लागत नाही. रोमहून कॅसिनो ट्रेनने साधारण दोन तास. तिथे मॉन्ते कॅसिनोचा मठ, 529 सालचा, 15 फेब्रुवारी 1944ला दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी तो उद्ध्वस्त केला आणि लगेच आपल्या चौथ्या भारतीय डिव्हिजनला जर्मनांनी धरलेल्या त्या डोंगरावर हल्ला चढवायला सांगितलं. जमलं नाही, माणसं खूप गेली. जानेवारी ते मे अशा चार लढाया झाल्या तेव्हा कुठे 18 मेला पोलिश सैनिक वर पोचले. वर उभं राहून खाली लिरीचं खोरं आणि रोमकडे जाणारा रस्ता बघितला की चार महिने का लागले ते मिस्टर स्वतःच तुम्हाला सांगतील! मठ पुन्हा जसाच्या तसा बांधलाय, आत जाताना खांदे गुडघे झाकलेले हवेत. गुडघे दुखत असतील तर स्टेशनवरून टॅक्सी करून वर जा, उतरताना पोलिश दफनभूमी बघा आणि मग खाली गावाजवळच्या कॉमनवेल्थ दफनभूमीत जा, तिथल्या स्मारकावर घाडग्यांचं नाव कोरलंय. त्यांची कबर कुठेच नाही, तेव्हा नाव शोधायचं ते इथेच.

तिथून पेरुजा. पेरुजाच्या उत्तरेला मोंतोने नावाचं डोंगरावरचं छोटंसं गाव आहे, तिथे 2023मध्ये घाडग्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातलं स्मारक उभारलंय, इटलीतल्या लोकांनी पुढाकार घेऊन. मला विचाराल तर सगळी ट्रिप या एका जागेसाठी केली तरी चालेल. बसने जायच्या भानगडीत पडू नका, पेरुजाहून एक दिवसाची ड्रायव्हरसकट गाडी करा. मिस्टरांना स्वतः गाडी चालवायची असेल तर निघण्याआधी पेठ रोडच्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून घ्या, पण जुन्या गावांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची नोटीस नंतर येते.

पुढचा टप्पा फ्लॉरेन्स, हा तुमचा. तुम्हाला चित्रं आवडतात म्हणालात तर उफ्फीझी गॅलरीत बोत्तिचेल्लीचं वसंताचं चित्र बघालच. युद्धाच्या काळात ही गॅलरीतली चित्रं गावाबाहेर मोन्तेगुफोनीच्या वाड्यात लपवून ठेवली होती, आणि 1944च्या उन्हाळ्यात आघाडी तिथे पोचली तेव्हा त्या वाड्यात होती मराठा लाइट इन्फंट्री, त्या चित्रांवर पहारा आपल्या जवानांनी दिला. हे माहीत असून त्या चित्रासमोर उभं राहणं वेगळंच आहे, आणि इथे तुमचा आणि मिस्टरांचा विषय एक होतो. गॅलरी सोमवारी बंद, तिकीट आधीच काढा.

शेवटी बोलोन्यात मुक्काम. तिथून फोर्ली ट्रेनने तासाभराच्या आत, तिथे भारतीय सैनिकांची दफनभूमी आणि ज्यांचं दहन झालं त्यांच्या नावांचं स्मारक दोन्ही आहे. जवळच आल्फोन्सिने गावात सेनिओच्या लढाईचं म्युझियम आहे आणि सेनिओ नदीही तिथूनच वाहते. नामदेव जाधवांनी जिथे पाणी ओलांडलं त्या भागातली ही नदी, तेव्हा बांधावर थोडं चाला. रोज स्मशानं नको म्हणालात ना, मोजलंत तर बारा दिवसांत युद्धाचे असे दिवस चारच होतात, बाकी रोम फ्लॉरेन्स बोलोन्या आहेच.

व्हिसाचं पटकन सांगते. इटलीचा शेंगेन व्हिसा, फी 90 युरो अधिक सेंटरचा चार्ज, निघण्याच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो तर तेव्हाच स्लॉट बघायला लागा, कारण मे महिन्यासाठी सगळा महाराष्ट्र एकदम धावतो. निदान 30,000 युरोचं मेडिकल कव्हर असलेला इन्शुरन्स लागतो, पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने व्हॅलिड हवा. रिटायर झाल्यावर पगाराच्या स्लिपा नसणार, म्हणून पेन्शनचे कागद, एफडी, आयकर रिटर्न आणि बँक स्टेटमेंट नीट लावून द्या. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर चांगलं, ऑगस्टमध्ये नको, ऊन फार आणि गावंच्या गावं सुट्टीवर.

प्रश्न : इंदिरानगरहून लिहितोय. युरोप परवडत नाही. मुलगा बारावीत आहे, त्याला एनडीएत जायचंय. आठवड्याभरात कमी खर्चात असं काही दाखवता येईल का?

उत्तर : येईल की! सिंगापूर आणि थायलंड. सिंगापूरला लोक सेंटोसा बघून येतात पण मुलाला क्रांजीच्या युद्धस्मारकात न्या, मेट्रोचं क्रांजी स्टेशन आहे, तिथून पुढे चालत जाता येतं. फोर्ट कॅनिंगच्या टेकडीखाली बॅटलबॉक्स नावाचं बंकर आहे, 15 फेब्रुवारी 1942ला शरण जायचं ब्रिटिशांनी तिथे ठरवलं, आणि जिथे सह्या झाल्या ती जुनी फोर्ड फॅक्टरी आता म्युझियम आहे. संख्येने कमी असलेल्या जपान्यांपुढे एवढी मोठी फौज का कोलमडली, हा प्रश्न मुलाला तिथे उभा करून विचारा. मग पाडांगच्या मैदानावर जा, 5 जुलै 1943ला नेताजींनी आझाद हिंद सेनेची मानवंदना घेतली ती इथेच. जवळच एस्प्लनेडला सेनेच्या स्मारकाची जागा दाखवणारा फलक आहे, मूळ स्मारक 1945मध्ये ब्रिटिशांनी परत आल्याआल्या पाडलं.

थायलंडमध्ये बँकॉकहून ट्रेनने कांचनाबुरी, क्वाय नदीवरचा पूल. पुलावर सेल्फी काढून परत फिरू नका, पुढे हेलफायर पास म्हणून डोंगर फोडून काढलेली वाट आहे तिथपर्यंत जाच. हा पूल आणि ही वाट ज्या थायलंड-बर्मा रेल्वेसाठी केली ती 415 किलोमीटरची रेल्वे जपान्यांनी 1943पर्यंत कैद्यांकडून आणि मजुरांकडून बांधून घेतली, बारा हजारांवर युद्धकैदी मेले, आणि मलायातून नेलेले तमिळ मजूर धरून आशियाई मजूर त्याहून कितीतरी जास्त. सिंगापूरचा व्हिसा आधी काढावा लागतो, थायलंडचे नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी सरकारी साइटवर बघा.

प्रश्न : आमचं मूळ गाव सिन्नर तालुक्यात. घरात एक गोल ब्राँझची तबकडी आहे, त्यावर पणजोबांचं नाव. ते पहिल्या महायुद्धात गेले एवढंच आजी सांगायची. ते जिथे गेले तिथे जाऊन यायची इच्छा आहे, पण कुठे ते कसं शोधू?

उत्तर : दादा, ती तबकडी जपून ठेवा आणि कृपा करून पॉलिश करू नका, अक्षरं झिजतात. ती युद्धात मेलेल्या सैनिकाच्या घरी पाठवायचे. त्यावर हुद्दा मुद्दामच लिहीत नसत, पलटणही नसते, म्हणून नुसत्या तबकडीवरून काही कळणार नाही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांतल्या युद्धात गेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणारी संस्था, तिच्या साइटवर नावाने फुकट शोधता येतं. साहेबांनी जसं ऐकलं तसं लिहिलंय, त्यामुळे स्पेलिंग चारपाच तऱ्हेने टाकून बघा, त्या काळी मराठाचंच स्पेलिंग आजच्यापेक्षा वेगळं होतं, जाधवसुद्धा जाधाओ सापडतं. वडलांचं नाव आणि गाव काही नोंदींत असतं, त्यावरून खात्री होते. जोडीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन या आणि पलटण कळली तर बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला पत्र टाका.

एक मनाची तयारी ठेवा. मराठा पलटणी त्या युद्धात मोठ्या प्रमाणावर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या, कूतच्या वेढ्यात सहावी पूना डिव्हिजन 29 एप्रिल 1916ला शरण गेली त्यातही होत्या. नाव बसरा स्मारकाच्या यादीत निघालं तर तिथे जायचा हट्ट सध्या धरू नका, आणि त्या स्मारकाच्या भिंतीवर भारतीय अधिकाऱ्यांचीच नावं कोरली होती, साध्या शिपायांची पलटणीनुसार फक्त संख्या. हा अन्यायच होता, कमिशनने 2021मध्ये तसं कबूलही केलंय. नाव फ्रान्समधल्या न्यव्ह शापेलच्या भारतीय सैनिकांच्या स्मारकावर निघालं तर मात्र नक्की जा, पॅरिसहून लीलला ट्रेन आणि तिथून टॅक्सी, आणि दुसऱ्या दिवशी बेल्जियमच्या ईपरला रात्री आठ वाजता मेनिन गेट या युद्धस्मारकाखाली त्या युद्धात गेलेल्यांसाठी बिगुल वाजतो तो ऐका, रोज वाजतो.

प्रश्न : रणांगणावर सापडलेली जुनी काडतुसं, गोळ्यांचे तुकडे आठवण म्हणून आणले तर चालतात का? (देवळाली कॅम्प)

उत्तर : नाही. हातच लावू नका. बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या शेतांत शंभर वर्षांपूर्वीचे तोफेचे गोळे नांगरताना अजून निघतात आणि ते फुटू शकतात, बेल्जियमच्या लष्कराचं पथक येऊन उचलून नेतं. रिकामं काडतूससुद्धा बॅगेत निघालं तर एअरपोर्टवर पोलिसांपुढे उभं राहावं लागतं, फ्लाइट जाते ती वेगळीच. दुकानातला शोभेचा गोळासुद्धा नको, स्कॅनरवर त्यांना तो खराच दिसतो. म्युझियमच्या दुकानातून लढाईचा नकाशा घ्या.