‘स्वयंनियंत्रण’ की ‘स्वयंनियमन’? आणि ‘अनाक्रमक’चं काय करायचं?

प्रश्न असा: ‘नॉन-इन्व्हेसिव्ह असेसमेंट ऑफ सेरेब्रल ऑटोरेग्युलेशन’ या शीर्षकाचं मराठी ‘प्रमस्तिष्कीय स्वयंनियंत्रणाचे अनाक्रमक मूल्यांकन’ असं केलेलं आहे. ते चालेल का? नसेल, तर काय लिहावं?

चालणार नाही. चारही शब्द कुठे ना कुठे अडतात, आणि त्यांतले दोन तर वाचकाला थेट चुकीची समजूत करून देतात.

आधी ‘नियंत्रण’. नियंत्रण आणि नियमन हे दोन्ही शब्द ‘यम्’ म्हणजे आवरणे या एकाच धातूकडे जातात, पण मराठीत त्यांच्या वाटा कधीच्या फुटल्या आहेत. नियंत्रण म्हटलं की नियंत्रण करणारा कुणीतरी आलाच. गाडीवरचं नियंत्रण सुटतं, जमाव नियंत्रणाबाहेर जातो, नियंत्रण कक्षातून हुकूम सुटतात. नियमनाला असा हुकूम देणारा लागत नाही. एखादी गोष्ट ठरावीक मर्यादेत राखली जाणं एवढाच त्याचा अर्थ. शरीराच्या तापमानाचं होतं ते नियमन. मेंदूच्या धमन्यांत नेमकं हेच घडतं: रक्तदाब बदलला तरी मेंदूतला रक्तप्रवाह फारसा बदलत नाही. रक्तदाब वाढला की धमनीची भिंत ताणली जाते, त्या ताणामुळेच भिंतीतला स्नायू आखडतो आणि वाट अरुंद होते. दाब उतरला की स्नायू सैल पडतो, वाट रुंदावते. भिंतीचा हा गुण शरीरक्रियाशास्त्रज्ञ बेलिस यांनी १९०२ सालीच नोंदवला होता. वरून कुणाची आज्ञा येण्याची गरज नाही. म्हणून ‘स्वयंनियमन’. ‘स्वायत्त नियमन’ मात्र टाळा, कारण ‘स्वायत्त’ हा शब्द स्वायत्त चेतासंस्थेने आधीच अडवून ठेवलाय आणि ती यंत्रणा वेगळी.

‘प्रमस्तिष्कीय’ हा शब्द कोशाप्रमाणे बरोबर आणि अर्थाने चूक आहे. प्रमस्तिष्क म्हणजे फक्त मोठा मेंदू. ‘सेरेब्रल ब्लड फ्लो’ म्हणणारा माणूस अनुमस्तिष्क (लहान मेंदू) आणि मस्तिष्कस्तंभही त्यातच धरतो. तिथे साधं ‘मेंदूतील’ लिहावं. धमनीचं नाव सांगायचं असेल तर ‘मध्य मस्तिष्क धमनी’ पुरे. परिभाषेत धमनीला ‘रोहिणी’ही म्हणतात; दोन्ही चालतील, फक्त एका लेखात एकच वापरा.

आता ‘अनाक्रमक’. आक्रमण म्हणजे ‘इन्व्हेजन’, त्यावरून ‘आक्रमक’, त्याला ‘अन’ लावला की झालं, असा हा हिशेब. पण मराठीत आक्रमक फलंदाज असतो, आक्रमक भाषा असते. ‘अनाक्रमक चाचणी’ म्हणजे सौम्य, त्रास न देणारी चाचणी असंच कुणालाही वाटेल. आणि इथेच हा शब्द तोंडावर आपटतो, कारण स्वयंनियमन तपासायची एक जुनी, गाजलेली पद्धत चांगलीच त्रासदायक आहे. दोन्ही मांड्यांना रुंद पट्टे बांधायचे, वरच्या रक्तदाबापेक्षा सुमारे २० मिलिमीटर पारा जास्त दाबाने फुगवायचे, दोनतीन मिनिटं तसेच ठेवायचे आणि एका फटक्यात सोडायचे. पाय मुंग्यांनी भरून येतात, दुखतात. सोडताच रक्त पायांकडे धावतं आणि रक्तदाब झपकन खाली येतो. मेंदूतला रक्ताचा वेगही त्याच्याबरोबर कोसळतो. पण नियमन शाबूत असेल तर पाचेक सेकंदांत तो पूर्ववत होतो, रक्तदाब अजून खालीच असताना. हवा बाहेर जाण्याची नळी बारीक असली तर पट्टे हळूहळू उतरतात, रक्तदाबही हळूहळू उतरतो, आणि मग नोंदीत पाहण्यासारखं काही उरत नाही. या सगळ्यात शरीराला एकही भोक पडत नाही, म्हणजे चाचणी ‘नॉन-इन्व्हेसिव्ह’ आहे. मांडीला विचारलं तर मात्र ती ‘अनाक्रमक’ म्हणणार नाही.

दुसरा पर्याय सुचवला जातो तो ‘अवेधी’. वेध म्हणजे भोक पाडणं खरं (कर्णवेध आठवा), पण वेध घेणं म्हणजे निरखणंही आहे. वेधशाळा त्यातूनच आली. ‘अवेधी मापन’ हे न पाहता केलेलं मोजमाप वाटू शकतं, आणि मोजमापाच्या बाबतीत तो गोंधळ परवडणारा नाही. ‘बिनटाक्याची शस्त्रक्रिया’ हा प्रयोग लोकांनी सहज पचवला आहे. त्याच वळणावर ‘बिनछेदाची तपासणी’ म्हणता येईल. शीर्षकात मी ‘बाहेरून’ हा एकच शब्द पसंत करीन आणि मजकुरात पहिल्यांदा येताना ‘सुई वा नळी शरीरात न घालता’ असं उलगडून लिहीन. तुलनेला जुनी रीत ठेवा: केटी आणि श्मिट यांनी १९४५ मध्ये माणसाच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला, तेव्हा नायट्रस ऑक्साइड हुंगायला देऊन धमनीतून आणि मानेतल्या शिरेतून रक्ताचे नमुने घ्यावे लागत. त्याच्यासमोर ‘बाहेरून’ला आपोआप अर्थ येतो.

चौथा शब्द ‘मूल्यांकन’. त्यात गुण दिल्याचा वास आहे. इथे जे होतं ते मोजणं किंवा तपासणं. पण नेमकं काय मोजलं जातं, याकडे भाषांतर करणाऱ्याने खरं लक्ष द्यायला हवं, कारण शीर्षकात नसलेली सर्वांत मोठी चूक पुढे मजकुरात होते: ‘वेग’ आणि ‘प्रवाह’ यांची अदलाबदल.

रूने आस्लिड यांनी १९८२ मध्ये कवटीतून डॉपलर तपासणी करून दाखवली. कानशिलाचं हाड पातळ असतं. तिथून २ मेगाहर्ट्झचा ध्वनी आत सोडायचा आणि साधारण ५० ते ५५ मिलिमीटर खोलीवर मध्य मस्तिष्क धमनी शोधायची. परतणाऱ्या ध्वनीची वारंवारता रक्ताच्या वेगामुळे बदलते. सेकंदाला ६० सेंटिमीटर वेगाला हा बदल दीड हजार हर्ट्झच्या आसपास भरतो, म्हणून यंत्रातून धमनी अक्षरशः ऐकू येते. काहींचं हाड इतकं जाड असतं की ध्वनी आत जायला खिडकी सापडतच नाही, वयस्क स्त्रियांत विशेषकरून. आता लक्षात घ्या, हे यंत्र सेंटिमीटर प्रतिसेकंद सांगतं, मिलिलिटर प्रतिमिनिट नाही. म्हणजे हा वेग आहे. प्रवाह म्हणजे वेग गुणिले धमनीच्या छेदाचं क्षेत्रफळ, आणि क्षेत्रफळ यंत्राला दिसत नाही. धमनीचा व्यास अवघा ४ टक्क्यांनी घटला तर क्षेत्रफळ जवळजवळ ८ टक्क्यांनी घटतं. वेग तोच दिसला तरी प्रवाह ८ टक्क्यांनी कमी झालेला असतो. ध्वनीची दिशा धमनीशी ३० अंशांचा कोन करत असेल तर वेग १३ टक्के कमी वाचला जातो. एकाच माणसातले चढउतार पाहताना या कोनाने बिघडत नाही, पण शोधक (ध्वनी सोडणारा आणि टिपणारा भाग) डोक्याला पट्ट्याने घट्ट बसवलेला हवा. तो जरा सरकला तरी नोंदीत वेग पडल्यासारखं दिसतं आणि नियमन बिघडल्याचा निष्कर्ष निघतो. तेव्हा डॉपलरच्या वाक्यात ‘रक्ताचा वेग’ असंच लिहा.

‘रक्तप्रवाह’ किंवा ‘रक्तपुरवठा’ हे शब्द एमआरआयच्या एका पद्धतीसाठी राखून ठेवा. तीत मानेतून वर जाणाऱ्या रक्तातल्या पाण्याच्या रेणूंवर रेडिओलहरींनी चुंबकीय खूण करतात, पावणेदोन-दोन सेकंद थांबतात, मग मेंदूची प्रतिमा घेतात आणि खूण न केलेल्या प्रतिमेतून ती वजा करतात. फरक जेमतेम एक टक्का, म्हणून अशा डझनावारी जोड्यांची सरासरी काढावी लागते. उत्तर मात्र खऱ्या एककात येतं: दर मिनिटाला १०० ग्रॅम मेंदूमागे इतके मिलिलिटर. निरोगी प्रौढांत ते सरासरी ५० च्या आसपास असतं. धमन्या अरुंद असतील तर रक्त उशिरा पोचतं, तोवर खूण पुसट होते आणि पुरवठा आहे त्यापेक्षा कमी दिसतो.

तिसरी पद्धत कपाळावरून ७०० ते ९०० नॅनोमीटरचा निकट-अवरक्त प्रकाश टाकून तीनचार सेंटिमीटरवर तो परत टिपायची. ती वेगही मोजत नाही आणि प्रवाहही. ती ऑक्सिजन असलेल्या आणि नसलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण सांगते, त्यातही कातडीतलं रक्त मिसळतं. (‘अवरक्त’ मधल्या रक्ताचा आपल्या रक्ताशी थेट संबंध नाही. तिथे रक्त म्हणजे तांबडा.)

‘स्टॅटिक’ आणि ‘डायनॅमिक’ ऑटोरेग्युलेशन ही जोडी पुढे भेटेलच. ‘स्थिर स्वयंनियमन’ लिहू नका. ते ‘डळमळीत नसलेलं’ असं वाचलं जातं. ‘स्थिरावलेल्या दाबावरचं’ आणि ‘क्षणोक्षणीचं’ म्हणा. पहिल्यात औषधाने वगैरे दाब एका पातळीवरून दुसरीवर नेऊन प्रवाह तोच राहतो का ते पाहतात. लासेन यांनी १९५९ मध्ये मांडलेला प्रसिद्ध आलेख त्यातला: सरासरी दाब ६० ते १५० मिलिमीटर पारा असेतो प्रवाह सपाट. हा सपाट पट्टा दाखवला जातो तितका रुंद आणि सपाट नसतो, असं आता मानतात.

क्षणोक्षणीच्या नियमनासाठी दाब सतत हलता हवा, आणि त्याची सर्वांत सोपी युक्ती म्हणजे उठाबशा. पाच सेकंद बसा, पाच सेकंद उभे राहा, अशी पाच मिनिटं. दाबाची लाट ०.१ हर्ट्झने, म्हणजे दहा सेकंदांना एक, वरखाली होते. बोटातला दाब ठोक्यागणिक मोजणारा पट्टा (यान पेन्याझ यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या तत्त्वावरचा) आणि डॉपलर दोन्ही एकाच वेळी नोंदतात. नियमन चांगलं असेल तर वेगाची लाट दाबाच्या लाटेच्या पुढे धावते. कलांतर (दोन लाटांमधलं पुढेमागेपण; पूर्ण लाट म्हणजे ३६० अंश) ४५ अंश असेल तर दाब तळाला जाण्याच्या सव्वा सेकंद आधीच वेग वर वळलेला असतो. दोन्ही लाटा एकत्रच वरखाली होत असतील तर धमन्या काही करत नाहीत असं समजायचं. इथे ‘फेज’ला भौतिकशास्त्रातला ‘कला’ हा शब्द तयार आहे, तोच घ्या. ‘टप्पा’ लिहिलंत तर सगळंच गेलं. बोटाचा हात मात्र हृदयाच्या पातळीवर बांधून ठेवावा लागतो. तो १० सेंटिमीटर खाली गेला की वाचन साडेसात मिलिमीटरच्या आसपास वाढतं. पट्ट्याची आपोआप होणारी जुळणीही नोंदीपुरती बंद ठेवतात, नाहीतर दर थोड्या वेळाने लाटेत खाच पडते.

एक शब्द अजून. दम रोखून ३० सेकंदांत वेग किती वाढतो तेही पाहतात, आणि भाषांतरात तेही ‘स्वयंनियमन’ होऊन बसतं. ती कार्बन डायऑक्साइडला धमन्यांनी दिलेली प्रतिक्रिया. दाबाशी तिचा संबंध नाही. तिला ‘प्रतिसादक्षमता’ म्हणावं, आणि या सगळ्यांना मिळून ‘रक्तप्रवाहाचं नियमन’. हा भेद केवळ शब्दांचा नाही. तपासणीत घाबरून कुणी भराभर श्वास घेऊ लागला की रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब उतरतो आणि पाऱ्याच्या दर मिलिमीटरमागे प्रवाह तीनचार टक्क्यांनी घटतो. पाच मिलिमीटर उतरला तर जवळपास पाचवा भाग गेला, रक्तदाब जागच्या जागी असताना. म्हणून स्वयंनियमन मोजताना उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइडही बरोबरीने नोंदतात.

तर शीर्षक: ‘मेंदूतील रक्तप्रवाहाचे स्वयंनियमन: बाहेरून मोजण्याच्या पद्धती’. ‘स्वयंनियमन’ जोडून लिहा. आणि लेख फक्त डॉपलरवर असेल, तर पहिल्याच परिच्छेदात ‘प्रवाहाऐवजी वेग मोजला आहे’ हे वाक्य घाला, मूळ लेखकाने ते विसाव्या ओळीत लपवलेलं असलं तरी.