वडिलांचं वजन 88 किलो, उंची 5 फूट 4 इंच. जठराच्या कॅन्सरचं दुर्बिणीचं ऑपरेशन झाल्यावर सावरायला जास्त वेळ लागेल का?

थोडा लागू शकतो, पण घाबरण्यासारखं नाही. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, 33 च्या आसपास येतो, आपल्याकडे 25 च्या पुढं लठ्ठ धरतात. खरी अडचण काट्यावरच्या आकड्याची नाही, पोटाच्या आतल्या चरबीची, तिच्यामुळं सर्जनला जठराजवळच्या लसिका गाठी (लिम्फ नोड) शोधून काढायला वेळ लागतो, ऑपरेशन लांबतं, नंतर छातीत कफ, जखमेत पू, असं होण्याची शक्यता वाढते. छिद्रं बारकी असल्यामुळं दुखणं कमी, तेवढाच फायदा.

आणि एक सांगू का, बारीक पेशंटला सोपं जातं असं अजिबात नाही. माझे मामा खानापूरचे, 47 किलो, जेवण जाईना म्हणून महिनाभर नुसत्या पेजेवर, तर डॉक्टरांनी आधी दोन आठवडे अंडी, प्रोटीन पावडर चालू करून मगच ऑपरेशनला घेतलं. म्हणून आता मनानं उपास करून वजन उतरवायला लावू नका, स्नायू झडतात. तीन बॉलचं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र असतंय ना, त्यातनं श्वास आत ओढायची सवय आत्तापासून लावा, बिडी-तंबाखू बंद.

नंतर वजन उतरतंच, दहा टक्क्यांच्या वर सुद्धा. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं. पूर्ण जठर काढलं तर बी-12 चं इंजेक्शन कायमचं. आणि भेटायला येणारे कुंदा, आपली बेळगावची दुधाची मिठाई, घेऊन येतील बघा, तो सुरुवातीला नकोच, गोड एकदम आतड्यात उतरलं की धडधड, घाम, चक्कर. मामांनी चमचाभरच खाल्ला होता, अर्धा तास आडवे.