परदेशातून येणाऱ्या प्रत्येकाची एचआयव्ही चाचणी सक्तीची करावी का?

माझं उत्तर स्पष्ट नाही असंच आहे. अमेरिकेने हा प्रयोग करून पाहिलाय. 1987 पासून तिथे एचआयव्ही असलेल्या परदेशी माणसाला प्रवेशबंदी होती. 1989 मध्ये मिनेसोटाच्या विमानतळावर एका डच प्रवाशाच्या बॅगेत एझेडटी हे एचआयव्हीवरचं औषध सापडलं आणि तेवढ्यावरून त्याला काही दिवस तुरुंगात ठेवलं. तो एका आरोग्य परिषदेलाच निघाला होता! पुढे 1992 ची जागतिक एड्स परिषद बॉस्टनहून अॅमस्टरडॅमला हलवावी लागली. बंदी उठायला जानेवारी 2010 उजाडला.

यातून साथ थांबली का? विषाणू देशात आधीच पसरलेला होता. शिवाय नुकतीच लागण झाली असेल तर चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. हा आजार विमानात शेजारी बसून किंवा एका ताटात जेवून होत नाही. नियमित औषधांनी विषाणूचं प्रमाण चाचणीत दिसणार नाही इतकं खाली राहिलं, तर शरीरसंबंधातूनही तो पसरत नाही. बंदीच्या भीतीने लोक औषधं घरी ठेवून प्रवास करतात, ते जास्त धोक्याचं.

आपल्याकडे 2017 च्या कायद्याने संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. पण आखातात नोकरीला जाणाऱ्यांना ‘मेडिकल’ चुकत नाही, आणि त्यात एचआयव्ही चाचणीही आलीच. कोकणातल्या कितीतरी घरांना हे माहीत आहे. कागदावर ‘अनफिट’ एवढाच शिक्का, नोकरी गेली. त्या माणसाला निदान समुपदेशन आणि एआरटी केंद्राचा (जिथे एचआयव्हीची औषधं मिळतात) पत्ता तरी मिळायलाच हवा.