वाचकांचे प्रश्न : तापणारा कनेक्टर

प्रश्न : माझ्याकडे विजेवर चालणारी रेडिओ-नियंत्रित गाडी आहे आणि नुकतेच विमानही घेतले आहे. विमानाची बॅटरी तीन सेलची, २२०० एमएएच लिपो (लिथियम पॉलिमर) असून ईएससी, म्हणजे मोटरचा वेग नियंत्रित करणारे उपकरण, ४० अँपिअरचे आहे. एकाच चार्जरवर भागावे म्हणून मी विमानालाही गाडीचाच पांढरा टॅमिया कनेक्टर लावला. आता पाच मिनिटांच्या उड्डाणानंतर तो चटका बसेल इतका तापतो. दोन्हींसाठी कोणता कनेक्टर घ्यावा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी तो टॅमिया काढून टाका. त्याच्या आतल्या पातळ पत्र्याच्या पिना एकमेकींना मोजक्याच जागी टेकतात, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढत असल्यामुळे, गाडीच्या दहा-पंधरा अँपिअरला जो जोड निमूट चालतो तोच विमानाच्या चाळीस अँपिअरला वितळू लागतो. समजा, जोडाचा रोध १० मिलिओहम झाला, तर ४० अँपिअरला तिथे १६ वॅट उष्णता निर्माण होते. म्हणजे विमानाच्या पोटात एक लहानसे सोल्डरिंग आयर्नच ठेवल्यासारखे झाले.

तुमच्या कामाला पिवळा एक्सटी६० योग्य. त्याच्या ३.५ मिलिमीटरच्या सोनेरी मुलाम्याच्या पिना मोठा प्रवाह सहज वाहून नेतात आणि एका बाजूचे कोपरे कापलेले असल्याने तो उलटा बसत नाही. टी-प्लग नावाचा कनेक्टरही विजेच्या दृष्टीने चांगला आहे, पण घामेजल्या बोटांनी तो ओढून काढणे हा व्यायामच असतो. सहा सेलची मोठी बॅटरी घ्याल तेव्हा ठिणगी रोखणाऱ्या एक्सटी९०-एसचा विचार करावा.

बॅटरीच्या बाजूला नेहमी पिना प्लास्टिकच्या आत बुडालेला, म्हणजे मादी भाग लावावा, जेणेकरून उघडे धातू एकमेकांना टेकून शॉर्ट होणार नाही. बॅटरीच्या दोन्ही तारा एकदम कापू नयेत. एक कापून, जोडून, हीट श्रिंक (उष्णतेने आकसणारी) नळी चढवूनच दुसरीला हात घालावा. सोल्डर करताना कनेक्टरचा जोडीदार त्यात घालून ठेवावा, म्हणजे नायलॉन मऊ पडले तरी पिना वाकड्या होत नाहीत. आयर्न किमान ६० वॅटचे असावे, कारण कमी ताकदीच्या आयर्नने काम लांबते आणि तेवढ्या वेळात प्लास्टिकच आधी बिघडते.

गाडीच्या जुन्या बॅटऱ्यांसाठी एखादा अ‍ॅडॅप्टर करून ठेवायला हरकत नाही, पण तो चार्जरपाशीच राहू द्यावा. विमानात प्रत्येक जादा जोड म्हणजे तापण्याची आणखी एक जागा.