मुलांचा आहार आणि जीवनसत्त्वे : वाचकांच्या शंका

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. आमचे घर पूर्ण शाकाहारी आहे. ती वरण-भात, पोळी आणि दूध एवढेच मनापासून खाते आणि पालेभाजी पाहिली की तोंड फिरवते. तिच्या वर्गातील काही मुलांना जीवनसत्त्वांच्या जेलीसारख्या गोड गोळ्या रोज दिल्या जातात. तिलाही त्या सुरू कराव्यात का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुलीचे वजन व उंची वयानुसार वाढत असेल आणि ती खेळती असेल, तर सर्व जीवनसत्त्वांची सरसकट गोळी देण्याचे कारण नाही. भूक वाढेल या आशेने तर ती मुळीच देऊ नये. जीवनसत्त्वे शरीराला अत्यल्प प्रमाणात लागतात आणि त्यांतून ऊर्जा मिळत नाही, त्यामुळे ती जेवणाची जागा घेऊ शकत नाहीत. शिवाय गोड गोळी मुलांना खाऊच वाटते आणि बाटली हाती लागली तर ती मूठभर गोळ्या खाऊन टाकतात. पाच वर्षांखालील मुलांना सरकारी कार्यक्रमातून दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस दिला जातो, तो तिला मिळाला आहे का, हे आधी लसीकरणाच्या कार्डावर पाहावे.

पालेभाजी ताटात वेगळी वाढण्याचा आग्रह काही दिवस सोडून द्या. तिला वरण आवडते, तर त्यातच शेवग्याचा कोवळा पाला किंवा मेथी बारीक चिरून शिजवा. लाल भोपळ्याचे घारगे मुले सहसा नाकारत नाहीत. पपई आणि आंबा यांतूनही अ जीवनसत्त्व तयार करणारी द्रव्ये मिळतात, मात्र ती शरीरात शोषली जाण्यासाठी स्निग्ध पदार्थ लागतो, म्हणून वरणावरची तुपाची धार कायम ठेवा. क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते, तेव्हा लिंबू फोडणीच्या वरणात उकळू न देता ताटात वाढल्यावर पिळावे. त्याने डाळीतील लोहही अधिक शोषले जाते. पेरू किंवा आवळा मिळाल्यास उत्तमच.

खरी काळजी मला ब-१२ ची वाटते. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही, त्यामुळे अंडी-मांस न खाणाऱ्या घरात दूध, दही, ताक आणि पनीर एवढाच त्याचा आधार उरतो. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या माता-पोषणाच्या अभ्यासात निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांमध्ये ब-१२ कमी आढळले होते. आईतच कमतरता असेल तर बाळाचा साठाही जन्मापासून तोकडा राहतो, म्हणून हा प्रश्न एकट्या मुलीचा नसून आपल्या सर्व कुटुंबाचा समजावा. दिवसभरात दोन कप दूध-दही पोटात जाऊ द्या, पण त्याहून फार अधिक नको, कारण दुधानेच पोट भरले की मूल जेवत नाही आणि लोह कमी पडते. मुलगी फिकट दिसत असेल, लवकर थकत असेल किंवा बोटांच्या सांध्यांवरची त्वचा काळवंडली असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून रक्ततपासणी करून घ्या. कमतरता निघाल्यास ब-१२ चे औषध त्यांनी सांगितलेल्या मात्रेत द्यावे. तिथे संकोच करू नये.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचे असून फक्त अंगावर पिते. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाचे थेंब सांगितले आहेत, पण आपल्याकडे एवढे ऊन असताना त्यांची गरज काय, असे सासूबाई विचारतात.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : थेंब अवश्य द्यावेत. आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम असले तरी त्यात ड जीवनसत्त्व फार थोडे असते. सासूबाईंचे म्हणणे अंगणात वाढलेल्या मुलांपुरते बरेचसे खरे होते. मात्र त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण सकाळच्या कोवळ्या उन्हात फारच कमी असतात, खिडकीच्या काचेतून ते जवळजवळ येतच नाहीत आणि भर दुपारच्या उन्हात तान्ह्या बाळाला उघडे ठेवता येत नाही. कमतरता टिकून राहिली तर मुडदूस होतो, मनगटे जाड होतात आणि मूल चालू लागले की पाय वाकतात. म्हणूनच पहिल्या वर्षी रोज ४०० युनिट देण्याची शिफारस आहे.

मात्रेबाबत मात्र काटेकोर राहा. काही औषधांत १ मिलिलीटरमध्ये ४०० युनिट असतात, काहींत ८००, तर काहींच्या एका थेंबातच ४०० असतात. म्हणून बाटली बदलली की लेबल पुन्हा वाचा आणि त्याच बाटलीचा ड्रॉपर वापरा. मोठ्यांसाठी आणलेली ६०,००० युनिटची पुडी बाळाला कधीही देऊ नका. ड जीवनसत्त्व शरीरात साठते, आणि मात्रा फार वाढली तर रक्तातील कॅल्शियम चढून उलट्या व बद्धकोष्ठ होतो आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते. अशी चूक झाल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता बाटली किंवा पुडी सोबत घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.