किर्दीच्या समासातला पाऊस कितपत विश्वासार्ह?

आपल्याकडे मुंबईच्या मांडवीतील धान्याच्या दुकानाच्या 1838 ते 1859 या काळातील मोडी किर्दी, म्हणजे मोडी लिपीतल्या रोजच्या जमाखर्चाच्या वह्या आहेत, आणि त्यांच्या समासात आपल्या पूर्वजांनी 'पर्जन्य बहुत', 'आकाश कोरडे, लोक चिंतेत' असे शेरे लिहून ठेवले आहेत. पर्जन्यमापकाचा आकडा नसलेल्या या शेऱ्यांवरून त्या काळचे हवामान कळेल का, असे आपण विचारले आहे. पर्जन्यमापक नाही तिथे विज्ञान नाही, असे आपल्या परिचितांनी सांगितल्याचेही आपण लिहिले आहे. निवृत्तीनंतरची नऊ वर्षे मी जुन्या मोडी कागदांतील हवामानाच्या नोंदी टिपण्यात घालवली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की, आपल्या हाती असलेले साधन मोलाचे आहे, मात्र ते वाचण्याची रीत समजून घ्यावी लागेल.

सर्वांत आधी काळाचा योग पाहा. कुलाब्याची वेधशाळा 1826 मध्ये खगोलीय वेध आणि वेळ पाहण्यासाठी स्थापन झाली, 1841 पासून तिथे चुंबकीय आणि हवामानविषयक निरीक्षणे होऊ लागली, आणि तिची 1847 पासूनची पर्जन्यनोंद अभ्यासक आजही वापरतात. म्हणजे आपल्या किर्दींतील शेवटच्या तेरा वर्षांना कुलाब्याच्या आकड्यांची सोबत आहे आणि पहिल्या नऊ वर्षांना ती नाही. एकाच घरातले, एकाच ओट्यावर बसून लिहिलेले शेरे या सीमेच्या दोन्ही बाजूंना सापडावेत, हे फार दुर्मीळ आहे. सोबतीच्या तेरा वर्षांपैकी पहिल्या सात वर्षांवरून लिहिणाऱ्याची भाषा शिकून घ्यावी, म्हणजे त्यांचा 'बहुत' कुलाब्याच्या किती पावसाला उमटतो आणि 'अतिशय' किती पावसाला, हे पाहावे. उरलेल्या सहा वर्षांवर तो अंदाज तपासावा, आणि तो टिकला तरच मागच्या नऊ वर्षांकडे वळावे. प्रत्येक पावसाळ्याला उणे दोन (फार कोरडा) पासून अधिक दोन (फार ओला) पर्यंत पाच पायऱ्यांपैकी एक पायरी द्यावी. ती दोघांनी वेगवेगळी द्यावी आणि देताना कुलाब्याचा तक्ता बंद असावा, कारण आकडा एकदा दिसला की शेऱ्यात तोच दिसू लागतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. माणूस रोजची गोष्ट लिहीत नाही. नेहमीपेक्षा वेगळे घडले म्हणजे लिहितो. गिरगावातील एका कुटुंबाची अशीच एक वही मला वाचायला मिळाली होती. आषाढातल्या एका पानावर मी बराच वेळ अडलो, कारण दोन आठवडे पावसाचा एक शब्दही नव्हता आणि तो महिना कोरडा गेला असावा असे मी टिपणात लिहूनही टाकले होते. मग पुढच्या ओळीत आले, 'आज ऊन पडले, गोणी ओट्यावर पसरल्या', आणि त्याखाली गोणी वाळवणाऱ्या दोन हमालांची मजुरी. ऊन ही बातमी होती, म्हणजे आधीचे चौदा दिवस पाऊस लागून राहिला होता. त्याच पानाच्या कडेला भिजलेल्या तांदळाची घट वेगळी मांडलेली होती. तेव्हापासून मी विशेषणांच्या आधी खर्चाच्या ओळी वाचतो. भिजलेल्या मालाची घट, मचवा (मालाची होडी) बंदराबाहेर निघू न शकल्याने चढलेले भाडे, भर श्रावणात पुन्हा कौले शाकारण्याचा खर्च, या ओळी हवामानाविषयी काही सांगण्यासाठी लिहिलेल्या नसतात, आणि म्हणून त्यांत अतिशयोक्तीला फारसे कारण उरत नाही. वैशाखातली शाकारणी मात्र हिशेबात धरू नये. ती दर वर्षीची आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची तयारी असते.

धान्याच्या भावांविषयी विशेष सावध राहावे. भाव चढला की पाऊस कमी पडला असे मानण्याचा मोह होतो, परंतु 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा आला आणि महागाई झाली, तिचे मूळ आभाळात नव्हते. 1802 ते 1804 च्या दख्खनमधील दुष्काळातही होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या फौजांनी केलेल्या नासधुशीचा वाटा मोठा होता. भावाची ओळ पुरावा म्हणून घ्यावी, पण तिच्या जोडीला पावसाचा स्वतंत्र उल्लेख असेल तरच.

ठिकाणाचाही प्रश्न आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला 73 मिलिमीटर, हे आपण मुंबईकरांनी पाहिले आहे. म्हणून मांडवीचा एखाद्या दिवसाचा शेरा कुलाब्याशी जुळला नाही तर लिहिणाऱ्याला खोटे ठरवू नये. तुलना महिन्याच्या किंवा हंगामाच्या बेरजेवर करावी, दिवसावर नव्हे.

अशा कामाला भक्कम आधार आहे. जॉर्ज ॲडमसन आणि डेव्हिड नॅश या अभ्यासकांनी पश्चिम भारतातील 1781 ते 1860 या काळातील मोसमी पावसाचे चढउतार वृत्तपत्रे, कंपनी सरकारचे कागद, मिशनऱ्यांचा पत्रव्यवहार आणि खासगी लेखन यांवरून उभे केले आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या नोंदवह्यांतून समुद्रावरचे वारे आणि तापमान अभ्यासले गेले आहे, आणि क्योटोतील चेरीच्या बहराच्या तारखा तर नवव्या शतकापासूनच्या मिळतात. मला खंत एवढीच वाटते की यात इंग्रजी कागदांचा वापर जितका झाला तितका मोडी कागदांचा झालेला नाही. आपल्यासारख्यांच्या घरातील वह्या म्हणूनच महत्त्वाच्या आहेत. पडताळणीसाठी काळा घोड्याजवळील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतले राज्य पुराभिलेखागार आणि टाऊन हॉलमधील एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय ही दोन ठिकाणे आपल्याला जवळच आहेत.

या वह्यांकडून काय मागू नये, हेही सांगितले पाहिजे. मृगाचा पाऊस लांबला, मध्येच उघडीप पडली, वादळ आले, हे त्या चांगले सांगतात. परंतु पूर्वीची मुंबई आजच्यापेक्षा थंड होती का, याचे उत्तर 'थंडी फार' या शब्दांत शोधू नये. लिहिणाऱ्याची मोजपट्टी म्हणजे त्याची स्वतःची दहावीस वर्षांची आठवण. हवामान हळूहळू बदलले की ही मोजपट्टीही सोबत सरकते, आणि नातवाची 'नेहमीची थंडी' आजोबांच्या 'नेहमीच्या थंडी'हून वेगळी होऊन बसते.

शेवटी तारखांविषयी, कारण बहुतेक चुका इथेच होतात. वहीत शक आहे की संवत, हे आधी ठरवावे. शक चैत्रात बदलतो, तर व्यापाऱ्यांचा संवत कार्तिकात, आणि अधिक मास सुटला तर अख्खा महिना घसरतो. पुढे पेशवाईतले कागद हाताळलेत तर सुहूर सन ही तेव्हाची आणखी एक कालगणना भेटेल. तो सूर्य मृग नक्षत्रात गेला की सुरू होतो, आणि ही तारीख इंग्रजी पंचांगात साधारण साठ-सत्तर वर्षांनी एक दिवस पुढे जाते, त्यामुळे 'मृगाच्या पहिल्या दिवशी पाऊस' हे वाक्य अडीचशे वर्षांपूर्वी आजच्यापेक्षा तीनचार दिवस आधीचे होते. आपण सुरुवात 1854 च्या वहीपासून करावी. त्या वर्षी नोव्हेंबरच्या अगदी आरंभी मुंबईवर मोठे चक्रीवादळ आले आणि बंदरातील अनेक जहाजे बुडाली. तो कार्तिक शुद्ध पक्षाचा उत्तरार्ध होता, शक 1776. त्या पानावर फुटलेल्या कौलांचा किंवा बुडालेल्या मालाचा खर्च सापडला तर आपले तारखांचे रूपांतर बरोबर आहे, असे समजून पुढे जावे. तो महिनाभर मागेपुढे दिसला, तर आधी अधिक मास तपासावा आणि मगच पावसाचे शेरे उतरवायला घ्यावेत.