यंत्र घेण्याआधी गोठ्याची वही उघडा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं एकाच विषयाची आहेत: विक्रेता गोठ्यावर येऊन यंत्र दाखवून गेला, घ्यावं का? लाखाच्या घरातला खर्च, आणि तोही बहुतेकांचा कर्ज काढून. त्यातले चार प्रश्न आज घेतो.

प्रश्न (सिन्नर): माझ्याकडे 10 संकरित गायी आहेत. मिल्किंग मशीनने दूध 15 टक्के वाढतं, असं विक्रेते सांगतात. जवळच्या गावातल्या एका गोठ्याचे मशीनच्या आधीचे आणि नंतरचे आकडेही त्यांनी दाखवले. विश्वास ठेवावा का?

उत्तर: आकडे खरेही असतील. पण दूध मशीनमुळेच वाढलं, हे त्यावरून ठरत नाही. गाय व्याल्यावर दीड-दोन महिने दूध चढतं आणि मग हळूहळू उतरतं. मशीन बसवलं तेव्हा त्या गोठ्यात चार गायी नुकत्याच व्यालेल्या असतील, तर महिन्याने कॅन जड लागणारच. मे महिन्याच्या उकाड्यात बसवून दिवाळीनंतरच्या थंडीत मोजलं तरी तेच. म्हणून विचारा: गायी व्यायला किती दिवस झाले होते? मधल्या काळात पेंड किंवा मुरघास बदलला का? आणि त्याच दिवसांत हाताने काढलेल्या गायींचं दूध किती होतं? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर त्या 15 टक्क्यांना आधार नाही.

दूध तयार होतं कासेत, मशीन ते फक्त बाहेर काढतं. तुमच्याच तालुक्यात मी एक प्रात्यक्षिक पाहिलं. दाखवायला आलेल्या मुलाने कास कोमट पाण्याने धुतली, पुसली, चारही सडांच्या पहिल्या धारा कपात काढल्या आणि मिनिटभराने कप लावले. अर्धा लिटर जास्त निघालं. मालक खूश झाले. मी त्यांना विचारलं, रोज धुता का? ते म्हणाले, पाणी मारतो आणि बसतो. पान्हा उतरायला, म्हणजे कासेतलं दूध सडांत यायला, साधारण मिनिट लागतं आणि पाच-सात मिनिटांत तो ओसरतो. ते अर्धा लिटर त्या मुलाच्या हातांचं होतं. उद्या हाताने धार काढतानाही ते मिळू शकतं, आणि त्याला एक रुपया लागत नाही.

मशीनचा खरा फायदा माणसाच्या श्रमाचा आहे. धारेला माणूस मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही. हिशेब मजुरीवर मांडा आणि वाढीव दूध शून्य धरा. तरी परवडत असेल तर जरूर घ्या.

खर्चाच्या बाजूला लायनर विसरू नका. रबरी लायनर, म्हणजे कपाच्या आत सडाला लागणारी नळी, साधारण 2,500 धारांनंतर बदलावे लागतात. 10 गायी, दोन वेळा, एकच क्लस्टर (चार कपांचा जोड), म्हणजे रोज 20 धारा. 125 दिवसांत संच संपला, वर्षाला जवळजवळ तीन संच. व्हॅक्यूम (दूध ओढणारी पोकळी) 40 ते 50 किलोपास्कल, म्हणजे गेजवर पाऱ्याचे 300 ते 375 मिलिमीटर, आणि पल्सेटर (सडावरचं लायनर आवळणारा-सोडणारा भाग) मिनिटाला सुमारे 60 ठोके. हे दोन्ही स्वतः मोजून घ्या. आमच्या गोठ्यावर पल्सेटरचा पडदा फाटला तेव्हा सुटा भाग यायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस कमी-जास्त ठोक्यांवर मशीन रेटलं आणि दोन गायींना दगडी (कासेची सूज) झाली. एकीचा सड कायमचा गेला. ती गाय दारात उभी दिसली की अजून वाईट वाटतं. म्हणून सुटे भाग नाशिकमध्ये कुठल्या दुकानात मिळतात ते विचारा आणि त्या दुकानात जाऊन या.

प्रश्न (येवला): गायीचा माज (रेतनाची वेळ) ओळखणारा गळपट्टा ‘95 टक्के अचूक’ आहे म्हणतात. सहा गायी आहेत, दावणीला बांधलेल्या.

उत्तर: गाय 21 दिवसांनी माजावर येते. म्हणजे रोज डोळे मिटून ‘आज माज नाही’ लिहिणारा माणूसही 21 पैकी 20 दिवस बरोबर ठरतो, आणि 20 भागिले 21 म्हणजे 95 टक्केच! त्या आकड्याने काहीच कळत नाही. दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: खऱ्या 100 माजांपैकी किती पकडले, आणि माज नसताना किती वेळा इशारा दिला? दुसरं, हे पट्टे मुख्यतः गायीची हालचाल मोजतात. मुक्त संचार गोठ्यातले आकडे दावणीच्या गायीला लागू होत नाहीत. सहा गायींसाठी आधी दोन महिने पहाटे आणि रात्री झोपण्याआधी वीस-वीस मिनिटं गोठ्यात उभे राहा, सोट (माजावरच्या गायीचा चिकट स्राव) दिसला का ते आणि तारीख वहीत लिहा. तरीही माज सुटत असतील, तर पट्ट्याचा विचार करू.

प्रश्न (निफाड): फॉगर बसवल्यावर उन्हाळ्यात दूध घटत नाही, हे खरं का?

उत्तर: अर्धं खरं. बारीक फवारा कोरड्या हवेत थंडावा देतो, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे कोरडाच असतो. पावसाळ्यात हवा आधीच दमट असते. तेव्हा नुसता फॉगर गोठा ओला करतो आणि ओल्या जमिनीवर बसलेल्या गायीला कासेचे आजार लवकर होतात. दुपारी दोन वाजता गायीची कूस बघा, अर्धा मिनिट श्वास मोजून दुप्पट करा. 60 च्या वर गेला तर तिला उष्णतेचा ताण आहे. पण आधी पाणी. दिवसातून दोनदाच पाणी दाखवत असाल, तर गव्हाणीशेजारी चोवीस तास भरलेली टाकी ठेवा आणि दोन आठवडे तेच आकडे पुन्हा लिहा. मग पंखा, आणि फॉगर सगळ्यात शेवटी.

प्रश्न (दिंडोरी): अनुदानाची मुदत आज संपते म्हणून विक्रेता आगाऊ रक्कम मागतोय.

उत्तर: आज देऊ नका. मुदत खरी आहे का, हे पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात विचारा. त्याच क्षमतेचं यंत्र विनाअनुदान कितीला पडतं, याची दोन दुकानांतून लेखी कोटेशन आणा. अनुदान वजा केल्यावरही तुमचा आकडा त्याहून मोठा येत असेल, तर अनुदान विक्रेत्याच्या खिशात जातंय. आणि कोटेशनवर मोटरची अश्वशक्ती, हमीची मुदत आणि बिघाडानंतर किती दिवसांत माणूस येईल, हे सही-शिक्क्यासह लिहून घ्या.